आधी मागची बाजू बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन गोष्टी सापडल्या: झाडापानांची 11 सुटी चित्रं, त्यातल्या काहींवर नागरी अक्षरं, पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचा एक जाड बांधीव खंड, आणि काचेच्या फ्रेममधला माणसाचा सापळा, ज्याच्या मागे चक्क गेंडा उभा आहे. ही सगळी 'ओरिजिनल' आहेत का, तांबूस डाग घालवता येतील का, खंडातली चांगली चित्रं कापून फ्रेम करावीत का, आणि न्यू जर्सीच्या बहिणीला दोन-चार पाठवली तर चालेल का?

कापायचं म्हणत असाल तर नको. पाठवायचं म्हणत असाल तर तूर्त थांबा. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र वेळ लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी 26 वर्षं जुन्या कागदांची दुरुस्ती करतो. तुम्ही पाठवलेले फोटो बघितले. सगळे समोरून, छान उजेडात, स्थळ दाखवायला काढावेत तसे. मला हवी होती पाठ. जुन्या विज्ञानग्रंथातलं चित्र हातात आलं की मी ते आधी पालथं करतो, मग खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरतो, आणि चित्रात काय आहे ते सगळ्यात शेवटी बघतो.

पाठच का, ते सांगतो. लाकडी ठसा आणि छापखान्यातले शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे टाइप, यांची जात एक. उंचवट्याला शाई लागते, खोलगट भाग कोरा राहतो. म्हणून दोन्ही एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतात. चित्राच्या अवतीभवती मजकूर आणि पाठीवरही मजकूर असेल, तर लाकडी ठसा हा पहिला अंदाज. तांब्याच्या पत्र्याचं बरोबर उलटं. पत्र्यावर सळईने रेघा कोरायच्या, शाई सगळीकडे फासायची, मग फडक्याने पुसून टाकायची. शाई उरते ती फक्त खाचांत. त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि चरकातून ऊस काढावा तसा पत्रा नि कागद एकत्र दोन रुळांमधून काढायचा. कागद खाचांत शिरतो आणि शाई वर उचलतो. हे यंत्र वेगळं, कारागीर वेगळा, बऱ्याचदा जागाही वेगळी. म्हणून चित्राचं पान स्वतंत्र, त्याची पाठ कोरी, आणि ते पान बाइंडरने नंतर खंडात बसवलेलं. दोनशे वर्षांनी ते सहज निसटतं किंवा कोणीतरी सहज फाडून घेतं, त्याचं मूळ कारणही हेच.

त्या दाबाची आणखी एक खूण राहते. चित्राच्या चारी बाजूंनी पत्र्याची कड कागदात रुतलेली असते. टेबलावरचा दिवा बाजूला, कागदाच्या पातळीला आणा. फुटपट्टीने आखल्यासारखा एक चौकोन दिसेल. रेघांवरून बोट फिरवू नका (मी फिरवतो, पण माझी बोटं सरावली आहेत). घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं दहापट भिंग मिळालं तर रेघेची टोकं बघा. सळईने कोरलेली रेघ टोकाला निमुळती होते, कारण हात खाली जातो आणि वर येतो. आम्लाने पत्रा खाऊन केलेली रेघ टोकाला बोथट असते. आणि ठरावीक अंतरावर मांडलेले ठिपके दिसले, चार रंगांची बारीक फुलं दिसली, तर ते आजच्या ऑफसेटवरचं काम. मग कागद कितीही पिवळा असो. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केलेले कागद मी किलोने पाहिले आहेत.

आता तुमच्या झाडांकडे येऊ. 11 पैकी 9 चित्रं एका घरची आहेत. मध्ये उभी घडी आहे, म्हणजे मोठ्या पुस्तकात दोन पानं व्यापून बसलेली. वरच्या बाजूला वनस्पतीचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत. ही मांडणी मला एकाच ग्रंथातली माहीत आहे: 'होर्टुस मलाबारिकुस'. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने करवून घेतलेला हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅममध्ये 12 खंडांत निघाला. सातशेहून जास्त वनस्पती, सगळ्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी दिलेलं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. तुमच्या चित्रांवरची नागरी नावं याच 'ब्राह्मणी' भाषेतली, म्हणजे कोकणीतली.

ती अक्षरं तुम्हाला वेडीवाकडी वाटली, 'कोणी पोराने गिरवलीत की काय' असं तुम्ही लिहिलंय. आम्स्टरडॅमच्या कारागिराच्या बाजूने विचार करा. त्याच्यासमोर मलबारहून आलेलं चित्र, त्यावर कुणा वैद्याच्या किंवा लेखनिकाच्या हातची नागरी. त्याला ती अक्षरं म्हणजे वेलबुट्टी. शिवाय तांब्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हाच कागदावर सुलट उमटतं. न येणारी लिपी, तीही आरशातली, कठीण धातूवर. मला तर ती अक्षरं वाचता येतात याचंच नवल वाटतं.

या उलट-सुलटाची गोष्ट निघालीच आहे तर एक तपासणी सांगून ठेवतो, शंखशिंपल्यांच्या जुन्या चित्रांना ती लागू पडते. बहुतेक सगळे शंख एकाच बाजूने वळतात. कारागिराने समोरचा शंख जसा दिसला तसाच पत्र्यावर कोरला, तर छापल्यावर तो विरुद्ध वळणाचा होतो. रेम्ब्रांटने 1650 मध्ये एक सुंदर शंख कोरला, तो असाच उलटा छापला गेला. सही मात्र सुलट आली, कारण सही उलटी कोरायची हे त्याच्या लक्षात होतं. आपल्याकडे याला वेगळीच धार आहे. देवघरातला नेहमीचा शंख एका वळणाचा आणि लाखांत एखादा मिळणारा दक्षिणावर्ती दुसऱ्या वळणाचा. एका गृहस्थांनी मला मोठ्या कौतुकाने 'दक्षिणावर्तीचं दुर्मीळ चित्र' आणून दाखवलं होतं. चित्र जुनंच होतं. शंख नेहमीचा होता, कोरणाऱ्याने घाई केली होती.

तुमच्या 9 पैकी दोन चित्रांची पानं हिरवी रंगवलेली आहेत. हा ग्रंथ बिनरंगी निघाला होता. रंग नंतर कोणीतरी हाताने भरला. शंभर वर्षांपूर्वी भरला असेल किंवा अडीचशे, फोटोवरून कळत नाही. पण पाठ बघायला मी म्हणतोय ते इथे कामाला येईल. जुना हिरवा रंग बऱ्याचदा तांब्याच्या गंजापासून केलेला असे, आपण भांड्यावरचा कळंक म्हणतो तोच. तो कागदाला हळूहळू जाळतो. समोर पान हिरवंगार दिसतं आणि पाठीमागे त्याच आकाराचं तपकिरी पान उमटलेलं असतं, इस्त्री जास्त वेळ राहिल्यासारखं. तसं दिसलं तर ती चित्रं वाकवू नका. कागद तिथे पापडासारखा तुटतो.

हिरव्या रंगाशी माझं जुनं वैर आहे. या कामाला लागून तीन वर्षं झाली असतील. एका गृहस्थांनी घरातलं एक लिथो, म्हणजे दगडी छापाचं, चित्र आणलं होतं, कसल्याशा वेलीचं. मी समजलो की रंग छापलेलाच आहे. बारीकसा कोपरा तपासायचा, ओल्या कापसाचं टोक लावून बघायचं, हा पहिला धडा. तोही मी गाळला, कारण पावसाळा तोंडावर होता आणि टेबलावर कामं साचली होती. चित्र पाण्यात सोडलं. अर्ध्या मिनिटात ट्रेमधलं पाणी पोपटी झालं. रेघा राहिल्या, वेल पांढरी झाली. त्या गृहस्थांनी पैसे मागितले नाहीत, ओरडलेही नाहीत. चित्र गुंडाळून घेऊन गेले. तेव्हापासून 'नुसतं पाण्याने पुसलं तर चालेल का' असं कोणी विचारलं की माझं उत्तर कोरड्या ब्रशच्या पलीकडे जात नाही.

राहिलेली दोन झाडं वेगळ्या जातीची आहेत. आकार लहान, घडी नाही, पत्र्याची कड नाही, रेघ मऊ, खडूने ओढल्यासारखी. ही शिळाछाप. झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटी म्युनिकमध्ये शोधलेली युक्ती: गुळगुळीत चुनखडीच्या लादीवर तेलकट खडूने काढायचं, लादी ओली करायची, पाणी तेलकट जागी बसत नाही, शाई तेवढ्याच जागी बसते. कोरणं नाही. त्यामुळे चित्रकाराचा हात जवळजवळ जसाच्या तसा कागदावर येतो. मराठीशी या तंत्राचं नातं जुनं आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच.

तुमच्या त्या दोघांपैकी एकाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, फोटो ताणून बघितल्यावर मला रोमन लिपीत 'गोविंदू' असं वाचता आलं. जुन्या चित्रांच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नावं असतात, ती कधी सोडू नका. पुढे 'डेल.' असेल तर त्याने रेखाटलं, 'स्कल्प.' असेल तर त्याने कोरलं, 'लिथ.' असेल तर त्याने शिळेवर उतरवलं. गोविंदू हा मद्रासकडचा चित्रकार. रॉबर्ट वाइट या स्कॉटिश डॉक्टरने 1838 ते 1853 या काळात मद्रासमध्ये काढलेल्या सहा खंडांच्या वनस्पतिसंग्रहात 2,101 चित्रं आहेत, आणि त्यामागे रंगय्या आणि गोविंदू या दोघांचा हात मोठा. वाइटने ऑर्किडच्या एका प्रजातीला (जीनसला) 'गोविंदूइया' असं नाव दिलं. कंपनी सरकारच्या काळात देशी चित्रकाराला असं श्रेय मिळणं दुर्मीळ होतं. आपल्या पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सनने 1847 ते 1850 या काळात दीडशेच्या वर वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, फार सुरेख आहेत. पण चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता एवढंच उरलं आहे. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

पणजोबा वैद्यकी करत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक शक्यता तुमच्या कानावर घालतो. वाइटच्या चित्रांसारखीच दिसणारी चित्रं पुढे 1918 च्या कीर्तिकर आणि बसू यांच्या औषधी वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथातही आहेत. त्यातली पुष्कळ रॉक्सबर्ग, वाइट अशा आधीच्यांवरून उतरवलेली. (हे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर म्हणजे 1909 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कवी.) वैद्यांच्या घरी हा ग्रंथ असण्याचा संभव जास्त. कागद खडखडीत, कडांना तपकिरी आणि बोटाने दुमडल्यावर तुटणारा असेल, तर तो लाकडाच्या लगद्याचा, उशिराचा कागद. वाइटच्या काळातला कागद चिंध्यांचा; त्याच्यावर डाग पडतील पण तो तुटणार नाही. हे दोन्ही तुम्हाला घरच्या घरी ताडता येईल.

आणि इथेच तुमच्या 'ओरिजिनल' या शब्दाशी मला भांडायचं आहे. व्हेसेलियसचा शरीररचनेचा ग्रंथ 1543 मध्ये बाझेलला योहान ओपोरिनसने छापला. त्याचे लाकडी ठसे व्हेनिसमध्ये कोरलेले, तिथून खेचरांवर लादून आल्प्स पार करून नेलेले. ते ठसे टिकले. इतके टिकले की 1934 मध्ये म्युनिकमध्ये त्याच लाकडांवरून पुन्हा चित्रं छापली गेली. पुढे 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले. आता 1934 ची छपाई ओरिजिनल म्हणायची की नाही? ठसा तोच, रेघ तीच, वय 391 वर्षांनी कमी. रॉबर्ट हूकच्या 'मायक्रोग्राफिया'चंही तसंच. 1665 च्या त्या पुस्तकात दीड फूट लांबीची घडीची पिसू आहे, लोकांनी तोवर अंगावर मारलेली, पण अशी कधी न पाहिलेली. ते पत्रे जपून राहिले आणि 1745 मध्ये दुसऱ्या नावाच्या पुस्तकासाठी पुन्हा रुळाखाली गेले. पत्रा मऊ असतो, प्रत्येक दाबाला थोडा झिजतो; उशिराच्या प्रतीत बारीक रेघा विरलेल्या दिसतात.

म्हणून मी 'ओरिजिनल आहे का' असं विचारत नाही. माझा प्रश्न असतो: हे चित्र काढणाऱ्याने ती वस्तू बघितली होती, की चित्र बघून चित्र काढलं? याचं उत्तर द्यायला तुमच्या ट्रंकेतला तिसरा ऐवज नेमका उपयोगी आहे. तो तुम्हाला सगळ्यात मौल्यवान वाटतोय आणि नेमका तोच ऑफसेटवरचा आहे. फोटोतसुद्धा ठिपके मोजता येतात. कुठल्या तरी औषध कंपनीच्या कॅलेंडरातला किंवा पोस्टरमधला असावा. वाईट वाटून घेऊ नका, कारण त्याची हकीगत बाकी सगळ्यांपेक्षा भारी आहे.

तुम्ही त्याला सापळा म्हणता, पण नीट बघा. हाडांना जागोजागी खोलवरचे स्नायू चिकटलेले आहेत. हे लायडनचा शरीरशास्त्रज्ञ आल्बिनस याच्या 1747 च्या शरीररचनेच्या चित्रांपैकी. चित्रकार यान वांडेलार. त्याने माप चुकू नये म्हणून सापळ्यासमोर दोऱ्यांची चौकटीचौकटीची जाळी टांगली होती आणि तिच्यातून बघून चौकोनागणिक रेखाटन केलं. इतका काटेकोर माणूस, आणि मागे गेंडा? तर तो गेंडाही बघून काढलेला. 1741 मध्ये डच कंपनीच्या एका कप्तानाने बंगालहून क्लारा नावाची गेंड्याची मादी हॉलंडात नेली आणि पुढची 17 वर्षं युरोपभर तिकीट लावून दाखवली. वांडेलारने तिला पाहिलं आणि चित्रात घेतलं. एका चित्रपानात तोंडाकडून, दुसऱ्यात पाठीकडून. विज्ञानाच्या पुस्तकात याचं काय काम, असं तेव्हाही लोकांनी विचारलं होतं.

क्लाराच्या आधी युरोपच्या डोळ्यांपुढे जो गेंडा होता तो गोव्याहून गेलेला. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याच्या बंदरातून जहाजावर चढवला आणि 20 मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला पहिला जिवंत गेंडा. पुढच्याच वर्षी पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडाने बांधलेला तो प्राणी बुडून मेला. पण त्याआधी लिस्बनहून एक वर्णन आणि एक कच्चं रेखाटन न्यूरेम्बर्गला पोचलं होतं. तिथला चित्रकार ड्यूरर याने त्यावरून लाकडी ठसा काढून घेतला. त्याने गेंडा आयुष्यात पाहिला नाही.

तो ठसा बघा. कातडीच्या घड्यांच्या जागी लोखंडी चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, आणि मानेच्या मागे पाठीवर एक छोटं पिळाचं जादा शिंग. काझीरंग्याला जाऊन आलेल्या कोणत्याही शाळकरी मुलाला हसू येईल. पण चित्र असं ठसठशीत की स्विस निसर्गअभ्यासक गेस्नरने 1551 पासून काढलेल्या प्राण्यांच्या महाग्रंथात तेच घेतलं, गेस्नरवरून पुढच्यांनी घेतलं, आणि ते पाठीवरचं शिंग दोनशे वर्षं ग्रंथाग्रंथांतून चरत राहिलं. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास ठेवला. क्लारा आल्यावर आणि वांडेलार, उद्री अशा चित्रकारांनी तिला समोर बसून काढल्यावर मग ते शिंग हळूहळू गळालं.

त्यामुळे मला चुका आवडतात. चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं, हे सांगणारा पुरावा म्हणजे चूक. दोन ग्रंथांत एकच फाटकं पान एकाच जागी फाटलेलं दिसलं, की दुसऱ्याने झाड पाहिलेलं नाही हे समजावं. बरोबर असलेली दोन चित्रं एकमेकांबद्दल काहीच सांगत नाहीत.

आता फोटोवरून निर्वाळा द्यायला मी का कचरतो, तेही ऐका. गॅलिलिओच्या 1610 च्या 'सिडेरेउस नुन्सिउस'मध्ये चंद्राची कोरीव चित्रं आहेत. काही प्रतींत त्या जागा कोऱ्याच राहिल्या, कारण मजकूर एका यंत्रावर आणि चित्रं दुसऱ्यावर, हे वर आलंच. 2005 मध्ये अशी एक प्रत बाजारात आली, जिच्यात कोऱ्या जागी तपकिरी रंगात हाताने काढलेले चंद्र होते. गॅलिलिओच्या हातचे! मोठमोठ्या जाणकारांनी, प्रयोगशाळांसकट, ती खरी ठरवली, तिच्यावर पुस्तकं लिहिली. 2012 मध्ये एका इतिहासकाराने दाखवून दिलं की अख्खी प्रत बनावट आहे. बनवणाऱ्यांचा म्होरक्या नेपल्सच्या एका प्राचीन ग्रंथालयाचा संचालक निघाला. त्या लोकांच्या हातात पुस्तक होतं, सूक्ष्मदर्शक होते. माझ्याकडे तुमचा व्हॉट्सॲपचा फोटो आहे.

पक्ष्यांच्या खंडाबद्दल थोडक्यात. पक्ष्याच्या छातीवर भिंग धरल्यावर रंगाचे अनियमित, वाळू सांडल्यासारखे ठिपके दिसत असतील तर रंगीत शिळाछाप. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) 1883 ची, तिचं जर्नल 1886 पासूनचं, आणि त्यात येणाऱ्या रंगीत चित्रपानांचे खंड पूर्वी लोक हौसेने बांधून घेत. तुमचा त्यातला असू शकेल. मुखपृष्ठाच्या आतली पानं आणि कोपऱ्यातले पृष्ठांक पाठवा. चित्रापुढचा पातळ बटर पेपर फेकू नका. आणि यातलं एकही पान कापू नका. चोरबाजारात सुट्या चित्राला भाव मिळतो हे खरं, कापून विकणारे त्यावरच जगतात. पण कापलेलं चित्र कुठल्या पुस्तकातलं, कितव्या सालचं, समोरच्या पानावर काय लिहिलं होतं, हे सगळं त्याच वेळी जातं. भिंतीवर लावायचंच असेल तर चांगला स्कॅन करून घ्या, त्याचा प्रिंट लावा. पाहुण्यांना फरक कळत नाही आणि खऱ्या रंगाला कोकणातलं ऊन लागत नाही.

डाग. ते तांबूस ठिपके बुरशी, कागदातले लोहाचे कण आणि दमट हवा यांच्या संगनमताने होतात. लिंबू, पेरॉक्साइड, ब्लीच, पावाचा गर, टाल्कम पावडर: यूट्यूबवर जे सांगतात त्यातलं काहीही नको. डाग वाढू न देणं एवढंच आपल्या हातात. खोलीतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला निमंत्रणच, आणि तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ती वरच असणार. म्हणून आत्ता ट्रंक उघडी ठेवू नका. ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, पंख्याखाली नव्हे, नुसत्या हवेशीर खोलीत एकेक चित्र आडवं पसरा, मऊ कोरड्या ब्रशने मधून बाहेर झाडा. मग आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवून सपाट रचा. गुंडाळी नको. डांबरगोळ्या नको. पोथ्यांच्या बासनात ठेवतात तसं वेखंड पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवलंत तर माझी हरकत नाही, फक्त कागदाला चिकटू देऊ नका. फाटलं असेल तिथे सेलोटेप लावणार असाल तर त्यापेक्षा फाटकंच राहू द्या. ते गव्हाच्या खळीने आणि जपानी कागदाने जोडायचं काम आहे. चुकलं तरी पाण्याने सुटतं. लॅमिनेशनचा तर विषयच काढू नका.

न्यू जर्सी. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. विज्ञान-इतिहासदृष्ट्या मोलाच्या हस्तलिखितं-दस्तऐवजांना ती मर्यादा 75 वर्षांची आहे. कुरिअरच्या पोराला हे माहीत नसतं, पण कस्टम्सला असतं. पाठवायचंच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून वस्तू 'पुरावस्तू नाही' असा दाखला लागेल, आणि तुमच्या त्या 9 चित्रांना तो मिळेल असं मला वाटत नाही. बहिणीला गेंडा पाठवा. तो बिनधास्त जाईल.

पुढच्या वेळी मला हे फोटो हवेत: सगळ्या 11 चित्रांची पाठ, दिवा आडवा धरून कडांचा फोटो, तळाची बारीक अक्षरं जवळून, आणि एखादा कागद खिडकीसमोर उभा धरून, म्हणजे आतल्या आडव्या-उभ्या जाळीच्या रेघा आणि पाणचिन्ह (वॉटरमार्क) असेल तर दिसेल. नागरी नावांचेही जवळून फोटो काढा. तिसऱ्या चित्रावरची पहिली दोन अक्षरं मला लागतात, पुढचं लागत नाही. घरात किंवा शेजारी कोणी कोकणी बोलणारी म्हातारी माणसं असतील तर त्यांना झाड आधी दाखवा, अक्षरं मागाहून.